आबांचं ‘हं’

हॅलो?

… हो, साधना कोळपेच बोलतेय, शिरूरहून. आपण कोण?

… मदने. हृतिक मदने, जमीन समन्वयक, दौंडच्या ऑफिसातून. … हो, नाव ठाऊक आहे. आठवडाभर आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघालेलं नाही.

… नाही, आबांना फोन देता येणार नाही. ते इथंच आहेत, माझ्याकडे, पण फोन घेत नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी तुमचा फोन घेतला, त्याचं काय झालं ते आपण दोघंही जाणतो. जे सांगायचं ते मला सांगा. मी त्यांची मुलगी.

… सावकाश सांगा. कॉलेजला सुट्टी आहे, मला कुठंही जायचं नाही.

… थांबा. हे वाक्य पुन्हा म्हणा. वाचूनच दाखवताय ना? मग पुन्हा वाचा, मी लिहून घेते.

… “जमीनधारक श्री. मल्हारी कोळपे यांनी… कवठे येमाई येथील आपली माळजमीन… सौर प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने देण्यास… दूरध्वनीवरून निःसंदिग्ध होकार दिलेला असून… तो कंपनीकडे ध्वनिमुद्रित स्वरूपात सुरक्षित आहे.” पूर्णविराम. … वाक्य चांगलं बांधलंय. कुणी लिहिलं? … मुंबईच्या साहेबांनी. वाटलंच मला. ‘दूरध्वनी’ हा शब्द हल्ली मी आणि तुमचे साहेब, असे दोघंच वापरत असू.

… नाही, चिडलेली नाही. चिडले की माझा आवाज चढत नाही, उतरतो. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा.

… आता हे वाक्य आपण जरा उसवून पाहू. वेळ आहे ना तुमच्याकडे? … नसला तरी काढा. आबांनी त्या दिवशी भरल्या ताटावर बसून तुम्हाला वेळ दिला होता.

तर, होकार. तो कुठं आहे? … रेकॉर्डिंगमध्ये. म्हणजे ती चिमूटभर क्लिप, आमच्या भावकीच्या ग्रुपवर तुम्ही टाकलीत, तीच ना? … तुम्ही नाही टाकली. बरं. आपल्या पायांनी चालत आली असेल. … ऐकली. पुष्कळ वेळा ऐकली. बोलीभाषा हा माझा अभ्यासाचा विषय आहे, मदने. एखाद्या म्हातारीनं टाकलेल्या सुस्काऱ्यावर मी चार-चार पानं लिहिलेली आहेत. तेव्हा तुमची क्लिप मी काही घाईत ऐकलेली नाही. तिच्यात तुमचा आवाज येतो, “मग आबा, माळ कंपनीला द्यायचा ना?” त्यावर आबांचा येतो, “हं.” आणि क्लिप संपते.

… हो, “हं”. तुम्हाला आणखी काही ऐकू येतं का? … नाही ना? म्हणजे साहेबांचा निःसंदिग्ध होकार तो हा. एक ‘ह’ आणि त्याच्या डोक्यावरचं टिंब. त्या टिंबावर तुम्ही माळभर कुंपण घालायला निघालात.

… अहो, ऐका ना… ऐका तर. तुमच्या पांढऱ्या गाडीतून येऊन बघून गेलात, ते लोखंडी खांब येऊन पडलेत की नाहीत माळावर? … उतरवलेत, अजून रोवलेले नाहीत. केवढा हा संयम.

काय गं आई? … न्हाई, कंपनीवालाच हाय. … आबांना म्हनावं, पडून ऱ्हावा. मी बोलतीय न्हवं? … आन् कुकर बंद कर, डाळीचा लगदा व्हईल.

हॅलो… हो, आहे. तुमच्याकडेही शिट्टी वाजली वाटतं. … मालगाडी. माझ्याकडे कुकर होता. दोन्ही गप्प झाले, आपण बोलू.

त्या दिवशी आबांशी किती वेळ बोललात? … “थोडा वेळ.” मदने, आई तव्याशी बसली होती तेव्हा तुमचा फोन आला. भाकऱ्या झाल्या, कालवण उकळलं, ताटं वाढली, वाढलेली ताटं गार झाली, तरी आबा फोन कानाला लावून बसलेले. आधी तुम्ही तुमची ओळख दिलीत. दौंडच्या हौसराव मदन्यांचा नातू. तिथंच आबा विरघळले, कारण हौसराव त्यांचे जुने जोडीदार. मग पाऊसपाणी झालं. मग सूर्य. मग सूर्यापासून वीज कशी निघते. मग राजस्थानातला कुठलासा माळ आणि तिथल्या लोकांची पक्की घरं… … हो, आईला सगळं तोंडपाठ आहे. फोन स्पीकरवर होता, आबांना कमी ऐकू येतं. आणि तुमच्या एकेका वाक्याला आबा काय म्हणत होते?

… बरोबर. “हं.” सूर्य उगवतो, यालाही हं. काचेवर धूळ बसते, ती पुसावी लागते, यालाही हं. मग त्यातला नेमका एकच का उचललात? बाकीचे होकार काय वाईट होते? एकाच माणसानं एकाच बैठकीत ओळीनं इतके होकार दिले, तर समन्वयकाला थोडी शंका यायला हवी होती.

… शब्दांचा कीस? … तो तर माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे. पण हा कीस मी पाडलेला नाही. भावकीतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. … बरं, मग मीच सांगते.

समोरच्याच्या बोलण्याला माणूस जे परत देतो त्याला आपल्याकडे एकच नाव नाही. अंगणातून कुणी हाक मारली तर आपण ओ देतो. ओ म्हणजे मी घरात आहे. घर तुमच्या नावावर करून दिलं, असं नव्हे. आणि कुणी काही सांगायला बसलं की आपण हुंकार देतो. … हुंकार. तुम्ही मदने, म्हणजे मेंढरामागचं घर तुमचं, आणि हे मी तुम्हाला फोनवर शिकवावं याची मलाच लाज वाटते. … दौंडात वाढलात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. ठीक आहे, तुमचा दोष नाही. ऐका मग.

मेंढरं रानात बसवलेली असतात, जाळीच्या आत. लांडगा येतो म्हणून दोघंजण राखणीला जागे राहतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला. अंधारात एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून एकानं सांगत राहायचं. काहीही सांगावं. सासुरवाडीचं, बाजाराचं, देवादिकांचं. दुसऱ्यानं वाक्यागणिक “हं” म्हणायचं. “हं” आलं म्हणजे तो जागा आहे. नाही आलं, की सांगणारा उठतो आणि काठीनं ढोसतो. आबांचं निम्मं आयुष्य त्या “हं”वर गेलं, मदने. सांगणाऱ्याला “हं” न देणं म्हणजे त्याला काळोखात एकटं टाकणं. तुम्ही हौसरावांचे नातू. तुम्हाला ते एकटं कसे टाकतील?

… हो, म्हणूनच दिलं. प्रत्येक वाक्याला दिलं. जेवण गार होऊ दिलं, पण तुमचं एक वाक्य कोरडं जाऊ दिलं नाही.

… “मग तिथल्या तिथं नाही का म्हटलं नाही?” हा प्रश्न चांगला आहे. कारण तुमचं सांगणं संपलेलं नव्हतं. आधी सांगणाऱ्याला मुक्कामाला पोचू द्यायचं, मग आपलं तोंड उघडायचं. मध्येच तोडायची रीत त्यांच्यात नाही. आणि त्या “हं”नंतर आबा आणखी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले?

… आठवत नाही. आईला आठवतं. आबा म्हणाले, “हं. मग फुडं?” … म्हणाले, मदने. आई शेजारीच होती, बहिरी ती नाही. माळ द्यायचा ना, हे आबांच्या कानाला गोष्टीतलंच एक वाक्य होतं. तुम्ही असं विचारणार, मग काहीतरी सांगणार, मग आणखी काही. म्हणून त्यांनी विचारलं, मग पुढं? ज्यानं जमीन दिली तो “कागद कवा करायचा” म्हणून विचारतो. “मग फुडं?” हे ज्याला अजून ऐकायचं आहे तो विचारतो. आणि तुम्ही काय केलंत? म्हणालात, “बास आबा, एवढंच,” आणि ठेवून दिलात. आबा फोनकडे बघत आईला काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, “हौसरावाचं पोरगं चांगलं बोलतंय गं, पर आर्धीच गोष्ट सांगून पळालं.”

… हसू नका. मी हसवण्यासाठी सांगितलेलं नाही.

… मग ते “मग फुडं?” क्लिपमध्ये का नाही? … तांत्रिक कारण. कुठलं तंत्र? … “सिस्टिम आपोआप कट करते.” फार समजूतदार सिस्टिम आहे. नेमकं कुठं थांबायचं ते तिला कळतं. आमच्या प्राचार्यांना नाही कळत अजून.

… पूर्ण रेकॉर्डिंग द्या म्हटलं तर? … देता येत नाही. अंतर्गत आहे. म्हणजे आबांच्या तोंडचे शब्द आबांना ऐकता यायचे नाहीत, कारण ते अंतर्गत आहेत. आणि त्यातलं एक अक्षर मात्र भावकीभर वाटायला मोकळं.

… हो, जालिंदरकाकांनी सही केली, मला ठाऊक आहे. भावकीतल्या अनसाबाईनंही अंगठा दिला. का दिला? तुम्ही त्यांना काय ऐकवलंत? … तेच म्हणतेय मी. आबा हो म्हणाले, म्हणून ती दोघं हो म्हणाली. आमच्यात जनावराची जोडी घ्यायची असो नाहीतर सोयरीक जुळवायची असो, आबांचा शब्द पडला की माणसं निवांत होतात. तुम्ही त्या शब्दाची खोटी नक्कल काढलीत आणि दारोदार फिरवलीत. आता आबा म्हणतात, मी दिलाच नाही. गाव काय म्हणतं?

… म्हणा ना. तुमच्या कानावर आलेलंच आहे ते. … “आबा फिरले.” बरोबर. माळाला जास्त भाव पाहिजे म्हणून म्हातारा शब्द फिरवतोय. काकांनीच म्हटलं. सख्ख्या भावानं. सोमवारी आबा पारावर गेले, तर बसलेली माणसं बोलता बोलता गप्प झाली. एवढंच झालं, बाकी काही नाही. आबांनी पिशवी उचलली आणि आईला घेऊन शिरूरची एस.टी. धरली. मी बोलावून बोलावून दमले होते तेव्हा कधी आले नाहीत. आता आले ते भिंतीकडे तोंड करून पडायला.

… सॉरी तुमच्यापाशीच ठेवा, त्याची वेळ अजून यायची आहे.

शंभूला ओळखता का? माझा चुलतभाऊ, काकांचा धाकटा. मेंढरं घेऊन कोकणातून वर निघालाय, घाटाच्या तोंडाशी आहे आता. पाऊस धरायच्या आत तो त्याच माळावर येतो. दरवर्षी येतो, त्याच्या आधी आबा यायचे. तिथं कुंपण लागलं तर ती मेंढरं कुठं बसवायची त्यानं? … “पर्यायी जागा.” कुठली? … “बघू.” मेंढराला बघूवर बसता येत नाही, मदने. परवा शंभूचा आबांना फोन आला. मी हेच धरून बसले होते की आता हा भांडणार. भांडला नाही. म्हणाला, “आबा, तुमी दिला आसंल तर काय तरी इचार करूनच दिला आसंल.” तो भांडला असता तर आबा त्या दिवशी जेवले असते.

आबा, तुमी का उठलाव? … न्हाई, काय भांडत न्हाई. … घ्या, ताक घ्या. आई, त्यांच्या ताकात मीठ घाल, ते मागायचं न्हाईत.

… हो, बोला. … काय? … पुन्हा सांगा. … करारभंग. कुठल्या कराराचा? … तोंडी. आता हे नवीन आहे. म्हणजे आबांनी मंगळवारी दौंडला येऊन सही केली नाही, तर कंपनी त्यांना नोटीस पाठवणार. … “मी नाही म्हणत, साहेब म्हणतात.” आणि तुम्ही फोन केलात तो मी त्यांना समजावून आणावं म्हणून. … “तुम्ही शिकलेल्या आहात, मॅडम.” दुर्दैवानं हो. तोच घोटाळा झालाय.

… थांबा, मी सूर्याच्या विरोधात नाही. … विकासाच्याही नाही. माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय आत्ता. तुम्ही नीट येऊन, चार माणसांत बसून विचारलं असतं, तर आबा काय म्हणाले असते हे मला खरंच सांगता येत नाही. कदाचित शंभूला विचारलं असतं, कदाचित अर्धा माळ दिलाही असता. पण तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही गोष्ट सांगितलीत, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडचा श्वास पुरावा म्हणून उचलून नेलात.

… बरं. … बरं, राहू द्या. तुमचीही नोकरी आहे, कळतं मला. … नाही, उपहास नाही. आधी कुठं होतात? … पाटसला, कारखान्यावर. हंगाम संपला की घरी. आणि इथं बारमाही काम. खरं आहे.

तुमचे आजोबा कसे आहेत? … अरेरे. कधी? … आबांना सांगितलं नाहीत तुम्ही. … नंतर सांगेन मी. हौसरावांचं नाव निघालं की आबा एक हकिगत सांगतात. तुम्ही ऐकली असेल. … नाही? भीमेच्या पात्रातली? … घरी कधीच सांगितली नाही? मग ऐका. ऐकण्याजोगी आहे.

दोघंही तेव्हा तुमच्याएवढे. दौंडच्या खालच्या अंगाला मेंढरं नदीतून उतरवत होते. …

पाणी गुडघाभरच. पण मेंढरू पाण्याला बुजतं, म्हणून पुढं बोकड घातलेला. …

चांगला दांडगा, दाढीवाला. हौसरावांचा लाडका. …

तो मधोमध गेला आणि उभा राहिला. …

हलेना. मागं सगळा कळप तटला. …

आबा त्याच्या या अंगाला, हौसराव त्या अंगाला. दोघंही बोकडाला शिव्या देतायत, आणि बोकड आपला पाण्यात स्वतःचं तोंड बघतोय. …

शेवटी हौसरावांनी डोईचं पागोटं सोडलं. …

एक टोक आबांकडे भिरकावलं, एक आपल्या हाती धरलं, आणि बोकडाच्या मागून आडवं लावून दोघांनी रेटा दिला. …

आता उद्यापासून तुमची ती पांढरी गाडी आबांच्या दारात उभी राहील. …

किल्ल्या आईपाशी द्यायच्या. …

तर रेटा दिला, तसं पागोटं टरकन मधोमध फाटलं. …

आबा या बाजूला पाण्यात आडवे, हौसराव त्या बाजूला, आणि बोकड अजून तिथंच. रवंथ करतोय. …

… हसा, हसा. आबा सांगतात तेव्हा आम्हीही इथंच हसतो.

… काय म्हणालात?

… नाही, त्याच्या आधी. आत्ता काय विचारलंत?

… “मग फुडं?”

पुढं एवढंच, की तुमची गाडी आता आबांची झाली.

… कुठली म्हणजे? पांढरी. खांब बघायला जिच्यातून आला होतात. मी सांगितलं, ती उद्यापासून आबांच्या दारात, तुम्ही म्हणालात “हं.” किल्ल्या आईपाशी, तुम्ही म्हणालात “हं.” … म्हणालात, मदने. पागोट्यालाही म्हणालात, बोकडालाही म्हणालात, पण ते मी सोडून देते. मला तेवढे दोनच पुरे आहेत.

… कंपनीची नाही, तुमची आहे? हप्त्यावर? मग तर बरंच झालं, साहेबांना विचारायला नको. … नाही, चेष्टा कशी? दूरध्वनीवरून निःसंदिग्ध होकार आहे. तुम्ही आता नाही म्हणालात तर तो करारभंग होईल, आणि मी दौंडभर सांगेन की हौसरावांचा नातू शब्द फिरवतो.

… ओरडू नका. मला नीट ऐकू येतं. … एकदा सावकाश म्हणा बरं ते. …

“म्याडम, मी गोष्ट ऐकत व्हतो म्हणून हं म्हणलो.” … व्हतो. म्हणलो. बघा, ऑफिसची भाषा गळून पडली आणि हौसरावांची आली. चांगली आहे ती, वापरत जा.

मग आबा काय करत होते?

… ते वेगळं कसं? … रेकॉर्ड झालं म्हणून वेगळं? माझ्याकडे यंत्र नाही म्हणून तुमचं “हं” म्हणजे ऐकणं, आणि तुमच्याकडे यंत्र आहे म्हणून आबांचं “हं” म्हणजे जमीन?

… पुन्हा साहेबांवर गेलात. बरं. मग असं करा, उद्या या. … उद्या रविवार आहे, ऑफिस बंद असेल. वस्तीवरच्या खंडोबाच्या देवळात भावकी जमतेय, काका आहेत, अनसाबाई आहे. रेकॉर्डिंग आणू नका, अंतर्गत आहे ते. नुसते या. आमच्यात रुकार कसा देतात तेवढं तरी ठाऊक असेल? … हं, तेच. देवापुढचा भंडारा उचलून, सगळ्यांदेखत, तोंडानं “दिलं” म्हणून. आबांना आम्ही उचलायला सांगणार नाही. तुम्ही उचलायचा. भंडारा मुठीत घ्यायचा आणि तुमच्या साहेबांचं ते वाक्य म्हणायचं, मल्हारी कोळप्यांनी मला माळ दिला. निःसंदिग्ध हा शब्द जड वाटला तर गाळा. तुम्ही तेवढं केलंत, तर आबा तिथल्या तिथं सही करतील.

… माझ्या मनचं नाही सांगत. थांबा, विचारते.

आबा… आबा, हिकडं बघा. ह्यो हौसरावांचा नातू हाय फोनवर. ह्यानं उद्या भंडारा उचलून सांगितलं, का तुमी माळ दिला, तर तुमी सही करताल? … इचार करून सांगा, माळ जायचा हातचा. … आई, तू थांब, त्यांना बोलू दे. …

ऐकलंत, मदने? मी फोन त्यांच्या तोंडाशीच धरला होता. काय म्हणाले? … “व्हय. करतो सही.” ताठ बसून, माझ्या डोळ्यांत बघून. होकार असा असतो. आता तुम्हाला दोन्ही ऐकून माहीत झाले, फरक सांगायला मी नको.

मग? येताय? … उचलताय भंडारा?

… हॅलो?

… हॅलो, मदने? … लाइन आहे ना? … अहो, ओ तरी द्या.

… हां. आहात. … नाही, घाई नाही. बोला. …

… काय सांगितलं साहेबांनी? … “कोळप्यांचा एक हो आणा, बाकीचे मागनं येतात.” आणि नाही आणला तर? … बरं. घरी बसायचं. … आई एकटी आहे. … समजलं मला. मदने, साहेबांचं मी साहेबांना विचारीन, त्यांना माझा वेगळा फोन जाईल. तुमच्या नोकरीचं मी काही करू शकत नाही, आणि करू शकते असं सांगून तुम्हाला भुलवणारही नाही. मला तुमचं पाहिजे. त्या दुपारी काय झालं ते, तुमच्या तोंडानं.

… भंडाऱ्याला घाबरलात म्हणून सांगू नका. खरं आहे म्हणून सांगा.

… मोठ्यानं बोला. ती मालगाडी जाऊ दे आधी. … गेली? … आता.

… हं. … हं. … हे माझं ऐकल्याचं “हं” आहे बरं, गैरसमज नको. … हळू, मी लिहितेय. … “तवाच.” … हं. … “ते मीच.” … साहेबांनी नाही? … “मीच.” … झालं? …

नाही, आता माफी नको. माफी मागायची ती उद्या, आणि माझी नव्हे. सकाळी पहिली एस.टी. धरा, नाहीतर तुमच्या गाडीनं या, गाडी मी परत दिली. आलात तर तुम्हीच म्हणा. नाही आलात तर मी वाचेन, देवळाच्या पायरीवर उभी राहून, काकांच्या तोंडावर. आत्ता एकदा वाचते. यातलं एक अक्षर माझं नाही. चुकलं तर टोका.

आबा, ताक ठेवा खाली. ऐका.

“ताई, आबांनी माळ दिला न्हाई. ते नुसतं ऐकत व्हते, मला तवाच कळलं व्हतं. ‘मग फुडं?’ म्हणले आबा, ते मीच कापलं.”